शेवटच्या खोलीतलं नेट

आमच्या धंद्यात भांडणं होतात ती शेवटच्या खोलीवरून. राउटर बसतो बैठकीत, कारण रस्त्यावरची वायर तिथंच येते आणि घरातल्या मोठ्या माणसाचा टीव्हीही तिथंच असतो. बैठकीत नेट पळतं, मधल्या खोलीत चालतं, स्वयंपाकघरात रांगतं आणि शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसकण मारतं. मग मला फोन येतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मी उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या शेवटच्या खोल्या बघत काढली. त्या खोलीत कोण राहतं हे बघितलं की मला घर कळतं. घरमालक तिथं कधीच नसतो. तिथं धाकटी सून असते, बारावीची पोरगी असते, नाहीतर अंथरुणाला खिळलेली आई असते.

संपादकांनी मला या अंकासाठी एखादा थरारक प्रसंग लिहा म्हणून सांगितलं. आमच्या कामात थरार कुठला? काम चांगलं झालं की ते दिसतच नाही. वायर पाइपात जाते, डबा कपाटावर जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "यात काय केलं तुम्ही एवढं?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं, आजही. डॉक्टरला कुणी विचारतं का, नुसतं नळकांडं छातीला लावलं, त्यात काय केलं म्हणून?

मी भोकरचा. नांदेडला केबलच्या धंद्यात खांबावर चढायला लागलो. कुणी बसवून शिकवलं नाही. मालक खालून शिव्या द्यायचा आणि त्या शिव्यांतून जेवढं कळायचं तेवढं शिक्षण. पुढं सुभाष नावाच्या दोस्ताबरोबर भागीदारी केली. मी खांबावर, तो काउंटरवर. गल्ली न् गल्ली मी जाळं विणलं. नेटचा जमाना आला, एका कंपनीनं आमचं जाळं वापरायला घेतलं आणि जिल्ह्याची एजन्सी एकट्या सुभाषच्या नावावर झाली. "तू साहेबांसमोर गेला असतास तर भांडून आला असतास, म्हणून मी एकटा गेलो," असं तो म्हणाला. गेलो असतो तर भांडलो असतो हे खरं आहे. पण भांडायला तरी न्यायचं होतं. त्या गोष्टीचा राग माझ्या मनात आजही ताजा आहे आणि तो शिळा व्हावा अशी माझी इच्छा नाही. त्याच रागावर मी लातूरला येऊन स्वतःचं दुकान उभं केलं.

आता बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगतो. घरात नेट पुरत नसेल तर तीन वाटा असतात. पहिली, वेगळं दुसरं कनेक्शन घ्यायचं. ती एजन्सीवाल्याच्या फायद्याची. दुसरी, पहिल्या राउटरचं नेट हवेतून पकडून पुढं फेकणारा डबा भिंतीत खोचायचा. तो अर्धं पुढं देतो, अर्धं स्वतःच खातो. तिसरी, पहिल्या राउटरपासून वायर ओढायची आणि शेवटच्या खोलीत दुसरा राउटर बसवायचा. ही वाट सगळ्यात पक्की, पण इथं हात लावणाऱ्याला अक्कल लागते. राउटर काय करतो, तर घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, मशीनला एक-एक नंबर वाटतो. दुसरा राउटर पेटीतून काढून तसाच जोडला की तोही नंबर वाटायला लागतो. एका एसटीत दोन कंडक्टर चढले आणि दोघं त्याच सीटांची तिकिटं फाडायला लागले तर काय होईल? तेच घरात होतं. म्हणून दुसऱ्याचं तिकीट फाडणं बंद करायचं, त्याला स्वतःला पहिल्यापेक्षा वेगळा नंबर द्यायचा, आणि वायर त्याच्या वेगळ्या रंगाच्या भोकात न घालता बाजूच्या साध्या भोकात घालायची. एवढंच. पण हे एवढंच न केल्यानं किती घरांत जेवणं बंद झालीत ते मी बघितलंय.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. अर्धापूरच्या एका केळीवाल्या शेठनं तक्रार केली की तुमचा राउटर चालतच नाही. जाऊन बघतो तर राउटर कुठं दिसेना. शेठनं केळी पिकवायच्या थंड खोलीचं जाड दार उघडलं. घडांच्या मधे डबा ठेवलेला.

"आत कामून ठेवला शेठ?"

"लई तापून राहिला होता. म्हटलं गारव्याला ठेवावा."

"शेठ, हे केळ न्हाई. कितीही दिवस ठेवा, पिकणार न्हाई."

किल्लारीकडची गोष्ट वेगळी. तिथं नवी पक्की घरं आहेत, पण भूकंप बघितलेली म्हातारी माणसं अजून स्लॅबखाली झोपत नाहीत. अंगणात पत्र्याची खोली करून राहतात. पत्रा म्हणजे नेटला कुलूप. लेक म्हणतो, "बाबा, घरात या, घरात नेट येतं." बाबा म्हणतात, "नेटला बाहेर यायला सांग, मी आत येत न्हाई." अशा ठिकाणी मी वाद घालत नाही. वायर अंगणातून नेतो आणि दुसरा राउटर पत्र्याच्या आत बसवतो. माणूस जिथं बसलाय तिथं नेट गेलं पाहिजे. उलटं नाही.

हे मी तोंडानं म्हणायचो, पण त्याचा कस लागला तो लातुरातल्या आप्पांच्या घरी.

आप्पा आडत बाजारातले जुने व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, आवाज असा की तुरीच्या ढिगापलीकडून हाक मारली तरी हमाल उभा राहील. दोन लेकांचं एकत्र घर. खाली बैठक, दुकानाची बिलं काढायची खोली, आप्पा आणि थोरला. वर मागच्या बाजूच्या खोलीत धाकटा विश्वनाथ आणि त्याची बायको सुवर्णा.

एक दिवस सुवर्णाताई नवऱ्याला घेऊन माझ्या दुकानात आल्या. घेऊन आल्या असंच म्हणतो, कारण विश्वनाथ त्यांच्या मागं उभा होता आणि पायरीवरच्या चपला मोजल्यासारखं खाली बघत होता.

"भाऊ, दुसरा राउटर बसवायचाय. पण घरात दुसरं नाव दिसता कामा नये."

"म्हणजे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाआधी त्या इथल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायच्या. मुलगा झाल्यावर सुटलं. आता त्याच क्लासनं खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी ऑनलाइन बॅच काढली होती आणि त्यांना ऑनलाइनच एक तास शिकवून दाखवायला सांगितलं होतं. पोरं बसणार, सर लोक ऐकणार, तास पसंत पडला तर बॅच त्यांची. घरच्यांची हरकत नव्हती, घरात बसून करायचं तर करा म्हणाले. पण नेट फक्त बैठकीत. आणि बैठकीत दिवसभर आडते, हमाल, पाहुणे. तिथं सासऱ्यांसमोर बसून सून मोठ्या आवाजात शिकवणार कशी?

"मग आधी कुणाला बोलावलं नाही का?"

"बोलावलं होतं," विश्वनाथ पहिल्यांदा बोलला. "नांदेडच्या सुभाषरावांचा माणूस आला होता."

माझे कान तापले.

त्या माणसानं दुसरा राउटर पेटीतून काढून तसाच जोडला होता. दोन कंडक्टर! दुकानाची बिलं अडकली, थोरल्याचा टीव्ही फिरत राहिला, आप्पांचा फोन घडीत लागे, घडीत सुटे. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या शहाण्यानं नव्या राउटरला नाव देऊन टाकलं, "विश्वनाथ". पलीकडच्या घरातल्या बसवंतप्पांनी, म्हणजे आप्पांच्या बाजारातल्या जुन्या स्पर्धकांनी, आपला फोन उघडला तर त्यात आप्पांच्या घराची दोन नावं. दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांनी विचारलं, "काय आप्पा, धाकट्याला वेगळं काढलं म्हनं?"

बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल. आमच्याकडं नाही. दुसरी चूल दिसली, दुसरं मीटर बसलं की घर फुटलं असं लोक धरतात, आणि फुटलेल्या घराची बाजारात पत निम्म्यानं उतरते. आता त्यात वायफायच्या नावाची भर पडली. आप्पांनी घरी येऊन तो राउटर स्वतःच्या हातानं उपटला आणि सांगितलं, या घरात दुसरं काही बसणार नाही. सुभाषच्या माणसानं जाता जाता वर सल्ला दिला होता, दुसऱ्या राउटरची ही कटकटच असते, तुम्ही सरळ वेगळं कनेक्शन घ्या. वेगळं! त्या घरात!

"मला नाव नको भाऊ," सुवर्णाताई म्हणाल्या, "मला नेट पाहिजे."

मग आमची घासाघीस झाली. मी घासाघिशीत कुणाला हार जात नाही, पण ती बाई आडत्याची सून होती. शेवटी मी म्हणालो, "ताई, दोन पावलं मी येतो, दोन तुम्ही या." त्या म्हणाल्या, "मी माझी दोन येऊन उभी आहे भाऊ, तुमचीच राहिलीत." काम मी घेतलं. खरं सांगायचं तर सुभाषनं बिघडवलेलं काम होतं, ते मी फुकटसुद्धा घेतलं असतं. हे अर्थात त्यांना सांगितलं नाही. विश्वनाथला तेवढं बजावून विचारलं, "आप्पांना सांगितलंय ना?"

"हाव, सांगतो की."

सांगितलं आणि सांगतो यात फरक आहे. तो मी त्या दिवशी कानामागं टाकला.

तासाच्या दिवशी सकाळी आप्पा बाजारात गेल्यावर मी कामाला लागलो. घरातून वायर न्यायची सोय नव्हती. मधल्या भिंतीला देवघर, तिथं ड्रिल लावायचं नाही असं थोरल्या वहिनींनी आधीच सांगितलं. म्हणून बैठकीच्या खिडकीतून बाहेर, पावसाच्या पाइपाच्या कडेनं वर, सज्जावरून वळून मागच्या खोलीत. आडत्याच्या घरात उंदरांना तोटा नसतो, म्हणून सगळी वायर नळीतून घेतली. भिंत उन्हानं अशी तापलेली की शिडीवरून तिला हात टेकवत नव्हता. वरच्या राउटरचं नंबर वाटणं बंद केलं, त्याला वेगळा नंबर दिला आणि खालच्याचं जे नाव आणि जो पासवर्ड, तोच अक्षर न् अक्षर वरच्याला दिला. असं केलं की फोनला घरात एकच नाव दिसतं. माणूस खालून वर गेला तर जवळचा राउटर फोन आपला आपण धरतो. दोघांची लहर, म्हणजे चॅनेल, मात्र वेगळी ठेवायची, नाहीतर शेजारी शेजारी लावलेल्या दोन भोंग्यांसारखं होतं, कुणाचंच ऐकू येत नाही.

काम फत्ते झालं. सुवर्णाताईंनी दार लोटून घेतलं आणि तास सुरू केला. मी बैठकीत हत्यारं गोळा करत होतो, तेवढ्यात दारात आप्पा.

त्यांनी आधी खिडकीतली नवी वायर बघितली, मग मला, मग विश्वनाथला.

"हे काय बसवायलास?"

विश्वनाथनं खाली बघितलं. "आप्पा, मी सांगणारच होतो..."

मला आप्पांपेक्षा त्याचाच जास्त राग आला. पण बोलायला वेळ नव्हता. आप्पा सरळ भिंतीकडं गेले आणि बैठकीतल्या राउटरच्या बटणाकडं हात नेला. ते बटण दाबलं असतं तर वर तास मधेच तुटला असता. ऐकायला बसलेल्या सर लोकांना काय दिसलं असतं? बाई गायब. पुन्हा कोण बोलावतं?

मी मधे उभा राहिलो.

"आप्पा, हात काढा."

त्या बैठकीत आप्पांना असं कुणी कधी बोललं नसावं. दारातल्या हमालानं पोतं खाली ठेवलं.

"कोण रे तू?"

"माधव. भोकरचा. नांदेडहून येऊन इथं दुकान टाकलंय."

"आणखी एक नांदेडकर! पहिल्यानं घराची अब्रू काढली, आता तू कशाला आलास? दुसरा डबा बसवलास का न्हाई?"

"बसवलाय. पण वेगळा न्हाई बसवला. खालचा बंद केला की वरचं नेट आपोआप जातं. धाकटं थोरल्याच्या जिवावर चालतं. याला वाटणी म्हणत न्हाईत."

"दाखव. कर बंद."

"दाखवतो. पण आत्ता न्हाई. वर ताई शिकवून राहिल्या. एकच तास दिलाय त्यांना. मधे तुटला तर काम गेलं."

"माझ्या घरातलं बटण दाबायला मला तुझी परवानगी लागती का रे?"

माझं डोकं तापलं होतंच. "माझी कशाला लागंल? ज्यांचा तास चालू हाय त्यांना विचारा. मी तर वायरवाला."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मीही नजर खाली घेतली नाही. व्यापाऱ्याशी कसं बोलायचं ते मला बाजारानं शिकवलंय. त्याला विनंती करायची नाही, सौदा द्यायचा.

"आप्पा, सौदा करा. तास संपूस्तोवर थांबा. मग मी माझ्या हातानं हे बंद करतो. वरचं नेट त्याच घडीला गेलं न्हाई, तर डबा गटारात फेकतो, वायर ओढून काढतो आणि ह्या गल्लीत पुन्हा पाय ठेवत न्हाई."

"आणि नाव? ते दुसरं नाव?"

"फोन काढून बघा."

त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरला, डोळे बारीक केले. एकच नाव. घराचं. त्यावर विश्वास बसेना म्हणून ते तडक ओट्यावर गेले आणि पलीकडं हाक मारली, "बसवंतप्पा! तुमच्या फोनात आमच्या घराची किती नावं दिसायलीत?"

बसवंतप्पा फोन घेऊन बाहेर आले, वर-खाली बोट फिरवलं. "एकच दिसायलंय की." मग थोडं थांबून, मनापासून वाईट वाटल्यासारखं, "का हो, पुन्हा एकत्र झालात?"

"कधी झालो होतो वेगळे!" आप्पा म्हणाले आणि आत येऊन लोडाला टेकून बसले. मला बस म्हणाले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. मी बसलो. बटणाच्या बाजूलाच बसलो.

वरून जिन्यातून आवाज येत होता. सुवर्णाताई मूत्रपिंड शिकवत होत्या. आवाज स्वच्छ, कुठं अडकणं नाही. मी आधी नेटचाच आवाज ऐकत होतो, तुटतंय का म्हणून. नंतर माझ्या लक्षात आलं की आप्पा वेगळंच ऐकत होते. त्यांना मुतखड्याचा जुना त्रास होता, दर उन्हाळ्यात ते आडवे पडायचे. वर त्या पोरांना सांगत होत्या, पाणी कमी पडलं की लघवीतले क्षार कसे दाटतात, खडा कसा धरतो आणि मग तो खाली सरकताना माणूस का लोळतो. आप्पांनी पाय जवळ घेतले.

"हे मला कुठल्या डॉक्टरनं इतकं फोडून सांगितलं न्हाई," ते विश्वनाथला म्हणाले. "तांब्या आण रे पाण्याचा."

सुवर्णाताईंना ती बॅच मिळाली, हे इथंच सांगून टाकतो. आता त्यांच्या पोरांत भोकरचीही दोन आहेत. सुभाष आजही नांदेडला वेगळी कनेक्शनं विकतो आणि दुसऱ्या राउटरची कटकट सांगतो. त्याला हा अंक मी पाठवणार आहे.

पण त्या दिवशी तास संपत आला तसा मी उठून उभा राहिलो. सौदा माझ्या तोंडचा होता आणि तो जिंकायची मला घाई झाली होती. आप्पाही उठले. "चल," म्हणाले, "दाखव." वरचा शिकवायचा आवाज थांबला होता. माझं बोट बटणाजवळ गेलं. आप्पांनी माझा हात बाजूला केला, म्हणाले, "थांब, मी दाबतो." त्यांचं बोट बटणावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

त्या घरात सासरे धाकट्या सुनेशी थेट बोलत नसत. काही हवं असलं की थोरल्या वहिनींना सांगायचं आणि त्यांनी पुढं सांगायचं, अशी रीत. आप्पांनी सवयीनं स्वयंपाकघराकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. विश्वनाथ दुसरा तांब्या भरून आणायला गेला होता. मग ते जिन्यापाशी गेले, कठड्याला हात लावून उभे राहिले आणि घसा साफ केला.

"सुवर्णा, बंद करू का गं?"

वर खुर्ची सरकली. मग दार उघडल्याचा आवाज आणि त्यांचं बोलणं, आधी दचकलेलं, मग सरळ. "नको आप्पा. पोरांचे प्रश्न राहिलेत. थांबलीत ती."

आप्पा परत आले आणि लोडाला टेकून बसले. मी बटणापाशी तसाच उभा.

"आप्पा, सौदा?"

"बस की खाली," आप्पा म्हणाले. "पोरं थांबलीत म्हनती ती."

ते बटण काही दाबलं गेलं नाही.